हा पोट्टा बोलत काहून नाही?

दिवाळीत झरीला गेलो होतो. मोठ्या भावाकडे पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला होता. भाव बरा मिळेपर्यंत विकायचा नाही असं त्याने ठरवलेलं, त्यामुळे मागची खोली अर्धी कापसाने भरलेली. ज्यांचं लहानपण विदर्भात गेलंय त्यांना सांगायला नको, त्या ढिगावर लोळण्यासारखं सुख नाही आणि नंतर अंगाला सुटणाऱ्या खाजेसारखा ताप नाही. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडत होती आणि आमचे पुतणेराव तिकडे साफ दुर्लक्ष करून ढिगावर पालथे पडून मोबाइलवर गेम खेळत होते. लाइट गेलेली होती. मी दारात बसून वारा येतोय का बघत होतो.

"काका, हा पोट्टा बोलत काहून नाही?"

"कोणता?"

"हा टोपीवाला. सगळे याच्याशी बोलून राह्यले, अन् हा नुसता पाह्यते. मुका हाय का?"

जवळ जाऊन पाहिलं तर पोकेमॉन फायररेड! 2004 सालचा गेम. माझ्या पोराच्या वयापेक्षा जुना. कुणीतरी एम्युलेटर टाकून दिला असणार.

"नाही रे, मुका नाही," मी म्हणालो. आणि पुढे काय सांगावं ते सुचेना. सुचेना म्हणजे उत्तर माहीत नव्हतं असं नाही. या प्रश्नावर मी इतकी वर्षं विचार केलाय की एखादा प्रबंध होईल. पण त्या टोपीवाल्या पोराशी माझी एक जुनी गोष्ट जोडलेली आहे, ती मी कुणालाच सांगितलेली नाही. आज लिहून टाकतो.

आधी जी मंडळी गेम खेळत नाहीत त्यांच्यासाठी (मोठी आई, हे तुझ्यासाठी) थोडं समजावून सांगतो. रोल-प्लेइंग गेम म्हणजे ज्यात तुम्ही एका पात्राची भूमिका घेता. गावं फिरायची, लोकांशी बोलायचं, कामं घ्यायची, लढायचं आणि हळूहळू मोठं व्हायचं. थोडक्यात, सोंग घ्यायचं. आता या सोंगाचे दोन प्रकार. एकात तुमचा नायक बोलतो. त्याला नट लावलेला असतो, त्याचा आवाज ठरलेला असतो, तो रागावतो, हसतो. दुसऱ्यात नायक गप्प असतो. बाकीचे सगळे बोलतात आणि त्याची पाळी आली की पडद्यावर दोन-चार उत्तरं येतात, त्यातलं एक तुम्ही निवडायचं. कधी कधी तर नुसतं हो किंवा नाही. कोणता प्रकार चांगला यावर गेम खेळणारे लोक, आपल्याकडे पुणे-मुंबईवर भांडतात ना, तसे भांडतात.

सुरुवातीला भांडणाला जागाच नव्हती. 1986 साली जपानमध्ये ड्रॅगन क्वेस्ट निघाला. त्याची आख्खी कार्ट्रिज 64 किलोबाइटची. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा सुप्रभातचा फोटो त्याहून मोठा असतो. त्यात आवाज कुठून बसवणार? पण गंमत अशी की पुढे जागा झाली, पैसा आला, आणि तरी ड्रॅगन क्वेस्टवाल्यांनी आपला नायक गप्पच ठेवला. त्यांचं म्हणणं, नायक म्हणजे खेळणारा. तो बोलला तर खेळणाऱ्याने काय करायचं?

मी दहावी झरीला केली आणि अकरावीला वणीला मामाकडे गेलो. मामाने मामेभावासाठी कॉम्प्युटर घेतला होता. ही 2005 च्या आसपासची गोष्ट. त्या काळात सायबर कॅफेत गेलं की जो तो व्हाइस सिटी खेळत असायचा. त्यातला टॉमी व्हर्सेटी बोलायचा, त्याला रे लिओटा या हॉलिवूडच्या नटाचा आवाज होता. त्याच्या आधीच्या, 2001 च्या जीटीए थ्रीमधला नायक मात्र तोंडातून एक शब्द काढायचा नाही. (हे दोन्ही काही रोल-प्लेइंग गेम नव्हेत, पण माझ्या डोक्यात हा फरक तिथे पहिल्यांदा शिरला.) टॉमी माझ्यापेक्षा फार भारी होता. त्याचा शर्ट, त्याच्या शिव्या, सगळं त्याचं. मी आपला त्याचा ड्रायव्हर.

आणि मामेभावाने कुठल्यातरी सीडीतून पोकेमॉन आणला. त्यातला पोरगा मात्र माझा होता. का, तर तो गप्प होता. समोरचा काही म्हणाला की मी मनातल्या मनात उत्तर द्यायचो, तेही अस्सल वऱ्हाडीत. प्रोफेसर ओक मोठं भाषण देऊन थांबले की मी म्हणायचो, "बरं बाप्पा, जातो." तो पोरगा कधीच इंग्रजी बोलला नाही. त्यामुळे माझ्यापुरता तो झरीचाच राहिला.

ही गोष्ट किती मोलाची होती हे पुढे कळलं. नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून चांगला पीसी घेतला आणि राहिलेले सगळे गेम खेळायला बसलो. मास इफेक्ट (2007) मध्ये कमांडर शेपर्ड. पुरुष असेल तर मार्क मीर, बाई असेल तर जेनिफर हेल यांचा आवाज. जेनिफर हेलचं काम ऐकून तर मी उडालोच. पण पडद्यावर दोन-तीन शब्दांचा पर्याय दिसायचा, तो निवडला की शेपर्ड आपल्या मनाने मोठं वाक्य बोलायचा. मला म्हणायचं असायचं एक, तो बोलायचा दुसरंच. आपण वकील लावावा आणि कोर्टात त्याने भलतंच काही सांगावं, तसं.

फॉलआउट 4 (2015) मध्ये तर फारच झालं. आधीच्या फॉलआउट 3 चा नायक गप्प होता, याला आवाज दिला. प्रत्येक वाक्य पुरुषाच्या आणि बाईच्या अशा दोन आवाजांत रेकॉर्ड करायचं, म्हणजे खर्च दुप्पट. साहजिकच बोलण्याचे पर्याय चारवर आले आणि तेही त्रोटक. लोक इतके वैतागले की नायक नक्की काय बोलणार ते पूर्ण दाखवणारा मॉडच कुणीतरी काढला. त्या गेममध्ये कॉड्सवर्थ नावाचा नोकर रोबो आहे. त्याच्यासाठी नऊशेच्या वर नावं रेकॉर्ड करून ठेवली होती, म्हणजे तुम्ही आपलं नाव टाकलं की तो नावाने हाक मारणार. मी मोठ्या आशेने माझं नाव टाकलं. तो मला 'सर' म्हणाला! नऊशे नावांत माझं नव्हतं. रागावण्यासारखं त्यात काही नाही. पण लक्षात राहिलं खरं.

कंपनीलाही ते बहुधा उमगलं. 2023 च्या स्टारफील्डमध्ये त्यांनी नायक पुन्हा गप्प केला. त्याच वर्षी आलेला बाल्डर्स गेट 3 बघा. आजूबाजूच्या सगळ्या पात्रांना झकास आवाज, आणि तुम्ही बनवलेला नायक संवादात गप्प. तुमची वाक्यं फक्त वाचायची. तो तर त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम ठरला.

आता दुसरी बाजू. ती नाही मांडली तर पुतण्या मला सोडणार नाही. द विचर 3 (2015) मधला गेराल्ट. त्याचा तो खरखरीत, थकलेला आवाज डग कॉकल यांचा. तो काढून घेतला तर गेराल्टमध्ये काही उरेल का? तो मी नव्हेच, तो गेराल्ट आहे, आणि त्याच्या आयुष्यात मला थोडे दिवस राहू दिलंय. चांगली कादंबरी वाचतो तसं. उलट मुक्या नायकाचे कधी कधी हसे होते. जवळचं माणूस मेलंय, सगळे रडताहेत आणि हा खांबासारखा उभा! शिवाय गप्प नायकाचा गेम म्हणजे वाचनाचं काम. ज्याला ती भाषा वाचता येत नाही त्याला तो नायक गप्प आहे की मेलाय, सारखंच.

भाषेचं हे कोडं गेमवाल्यांच्याही आधी आपल्या सिनेमावाल्यांना पडलं होतं. 1913 चा दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र मूक होता. पाट्या बदलल्या की तो कुठेही चालला असता. 1931 मध्ये आलम आरा आला आणि पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभातने तीच हरिश्चंद्राची कथा घेतली, तर त्यांना चित्रपट दोनदा करावा लागला. मराठीत अयोध्येचा राजा आणि हिंदीत अयोध्या का राजा. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे तेच, राजा तोच, पण आता राजाला कोणती भाषा येते हे ठरवणं भाग होतं. मुक्या हरिश्चंद्राला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आवाज आला की भाषा आलीच. माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक काढला. राजस्थानी वळणाची चित्रं, आपल्याकडचे देव, आपली नायिका. आणि ती इंग्रजीत बोलायची. मागाहून हिंदी आवाजही आला. मी त्यांना दोष देत नाही, जगभर विकायचं तर असंच करावं लागतं. पण माझ्या वऱ्हाडीची पाळी कधी येणार, हे कुणीही सांगू शकतं.

आता ती गोष्ट.

शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही. आमच्या तालुक्यात कोलामांचे पोड पुष्कळ आहेत. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, गावापासून जरा लांब, रानाच्या कडेला. तो तिथला. कोलामांची भाषा कोलामी. ती मराठीची बोली नव्हे, तेलुगू आणि गोंडीच्या कुळातली द्रविड भाषा आहे. एमेनो नावाच्या भाषापंडिताने तिच्यावर 1955 मध्येच आख्खं पुस्तक लिहिलंय. हे मला कळलं ते तिशी उलटल्यावर. शाळेत असताना आम्हाला एवढंच माहीत की तो बोलत नाही. गुरुजींनी प्रश्न विचारला की तो उभा राहायचा. मनात आधी कोलामीत विचार करून मग मराठी शब्द जुळवायचे, त्याला वेळ लागणारच ना? पण तेवढ्यात कुणीतरी दुसरा उत्तर देऊन मोकळा व्हायचा. बहुतेक वेळा तो दुसरा मीच असायचो. गुरुजी म्हणायचे, "बस खाली." पाच वर्षं हे चाललं. वर्गात त्याचं नावच 'मुका' पडलं होतं.

अकरावीला तोही वणीला आला, वसतिगृहात राहायला. रविवारी मामाकडे यायचा. मामी पोहे करायची आणि आम्ही तिघं कॉम्प्युटरपुढे. त्याला इंग्रजी फारसं वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही एक पद्धत पाडली. गेममधलं सगळं मी वाचून वऱ्हाडीत सांगायचं. प्रोफेसर मी, दुकानदार मी, गावातल्या बाया मी. आणि टोपीवाला पोरगा तो. नाव टाकायला सातच अक्षरं मिळतात, त्याचं नाव त्यात बरोबर बसलं होतं.

सुरुवातीला तो नुसतं बटण दाबायचा. मग हळूहळू "हो" म्हणायला लागला. मग "नाही, मी नाही देत." मग एकदा एका गुंडाला त्याने असं काही सुनावलं की मामी पदर तोंडाला लावून हसली. मला तेव्हा कळलं नाही, पण पाच वर्षांत आमच्यापैकी कुणी त्याला जे दिलं नव्हतं ते त्या गेमने दिलं होतं. त्याची पाळी आली की गेम थांबायचा. समोरचं पात्र तोंडाकडे बघत उभं राहायचं. दोन सेकंद लागोत की दोन मिनिटं, मधेच दुसरा कुणी उत्तर देऊन टाकत नव्हता.

एका रविवारी बरंच फिरून आम्ही परत नायकाच्या गावी आलो. ज्यांनी खेळलाय त्यांना आठवेल, घरी गेलं की आई असते. ती म्हणते दमलास, जरा आराम कर. मी तेच वऱ्हाडीत म्हटलं, "थकला रे बाबू, घडीभर पड."

आणि तो कोलामीत बोलला.

एक-दोन शब्द नाही, चांगलं लांब वाक्य. पडद्याकडे बघत, सहज. आपण घरी आईशी बोलतो तसं. आईशी आणखी कोणत्या भाषेत बोलणार माणूस?

मामेभावाला हसू फुटलं. त्याने ते सूर लावून तसंच बोलून दाखवलं, वेडंवाकडं. आणि मी हसलो.

मी हसलो म्हणजे खूप हसलो. टेबलावर हात आपटून. आज मला वाटतं की मामेभाऊ त्याला नीट ओळखत नव्हता, पण मी ओळखत होतो. मला कळायला हवं होतं. त्याने काही म्हटलं नाही. पुढची दहा-पंधरा मिनिटं बटणं दाबत राहिला, काही न बोलता. मग उशीर होतो म्हणून उठला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही. कॉलेजात दिसला की ओळखीचं हसायचा. बारावी त्याने पूर्ण केली नाही. का, ते मी विचारलं नाही.

त्यामुळे मुका नायक की बोलका, या वादात कुणी म्हणालं की मुका नायक म्हणजे खेळणाऱ्याला स्वातंत्र्य, तर मी मान डोलावतो, पण पूर्ण नाही. नायकाच्या गप्प राहण्यात जागा असते हे खरं. त्या जागेत वऱ्हाडी मावते, कोलामीही मावते, त्यासाठी कुणा कंपनीला नट बोलवावा लागत नाही. पण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या शेजारी कोण बसलंय, हे कुठल्या गेमच्या हातात नसतं. आणि गप्प राहणारा प्रत्येक जण काही आपल्या मर्जीने गप्प नसतो.

या दिवाळीत मुकुटबनच्या बाजारात तो भेटला. पंचवीस पावलांवरून ओळखलं मी. केस पांढरे झालेत, माझेही झालेत म्हणा.

"कधी आला?"

"काल. तू कसा आहेस?"

"मजेत. कापूस इकला का भावानं?"

"नाही अजून. भाव नाही म्हणते."

"नाहीच हाय."

त्याच्या बोटाला धरून सात-आठ वर्षांची मुलगी होती. ती त्याला काहीतरी विचारत होती, कोलामीत, भर बाजारात, चांगल्या मोठ्या आवाजात. तो खाली वाकून तिला सावकाश उत्तर देत होता. मला एक अक्षर कळलं नाही. मी उभा राहिलो, त्यांचं होईपर्यंत. मला त्याला म्हणायचं होतं की त्या दिवशी मी हसायला नको होतं. वाक्य तयार होतं, वीस वर्षांपासून तयार आहे. पण मुलीला जिलबी पाहिजे होती आणि एसटीची वेळ झाली होती, आणि मी "येतो मग" म्हणालो. तो म्हणाला, "ये घरी कधी." मनापासून म्हणाला असावा.

पुढच्या खेपेला जाईन. हे इथे लिहिलंय ते अशासाठीही की आता न जाण्याची सोय राहू नये. घरचे वाचतातच, विचारतील.

तर तो कापसाच्या ढिगावरचा प्रश्न राहिलाच. दुसऱ्या दिवशी पुतण्या परत तिथेच पडलेला. मी त्याला सांगितलं, "तो मुका नाही. तू काय म्हणतो त्याची वाट पाहून राह्यला."

"म्हणजे म्याच बोलाचं?"

"हो."

"पण त्याले कुठं ऐकू येते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो थोडा वेळ खेळला. मग म्हणाला, "काका, त्याची माय म्हणते आराम कर. काय म्हणू?"

"तुझ्या मनाने म्हण."

त्याने क्षणभर विचार केला आणि मोबाइलकडे बघत जोरात म्हणाला, "माय, भूक लागली!"

"मंग उतर ना खाली," स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. "अन् हात धू आधी!"